घोडा का अडला?

लहानपणी आजीने घातलेलं कोडं तुम्हालाही आठवत असेल. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे! गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माथेरानला मला या कोड्याचं वेगळंच उत्तर मिळालं.

माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यावरच ठेवावी लागते. पुढे बरेच जण घोडा करतात. माझ्या भाचीनेही हट्टाने घोडा केला. उतारावर तो दोनदा ठेचकाळला आणि तिसऱ्यांदा तर पुढच्या गुडघ्यांवरच बसला. भाची घाबरून त्याच्या आयाळीला बिलगली. लगाम धरलेल्या पोराने काठी उगारली. "नाटकं करतोय. आळशी आहे मेला!"

जवळच घोड्यांना पाणी पाजायच्या जागी त्याची आई बसली होती. तिने उठून काठी धरली. "नाटकं न्हाईत रे. मान दुखतेय त्याची. महिना झाला सांगतेय." मग तिने मूठभर गवत घेतलं आणि घोड्याच्या डाव्या कुशीपाशी धरलं. त्याने मान वळवून ते सहज खाल्लं. उजवीकडे धरलं, तर मान अर्ध्यावरच थांबली आणि तो अख्खाच्या अख्खा गोल फिरला. "तोंडाला तोबरा लावला की चंदी मजेत खातो. पण गवत जमिनीवर टाकलं की पाय फाकवतो. मान खाली जातच न्हाई," ती म्हणाली.

म्हणजे मान फिरत नव्हती, म्हणून घोडा अडला होता!

घरी आल्यावर ओळखीच्या पशुवैद्य डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घोड्याच्या मानेत मणके सातच, तुमच्या-आमच्याएवढेच. त्यातल्या खालच्या मणक्यांचे सांधे झिजले की मान आखडते आणि पुढच्या पायांची टाप आखूड पडते. आतली मज्जारज्जू दाबली गेली, तर पाय कुठे पडतोय हेच जनावराला नीट कळत नाही. मग तो खूर घासत चालतो, झोकांड्या खातो, अडखळतो. असा झोकांड्या खाणारा घोडा स्वारीला वापरायचाच नाही. तो स्वारासकट पडू शकतो.

पण प्रत्येक ठेचेला मानच कारण असते असंही नाही. डॉक्टर आधी खूर बघतात. नालबंदी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी व्हायला हवी. ती लांबली की खुराचा पुढचा भाग वाढतो आणि घोडा ठेचकाळतो. न बसणारं खोगीर, थकवा, अधू नजर, पायाचं दुखणं हेही तपासावं लागतं. मग घोड्याला लहान गोलात फिरवून, मागे चालवून बघतात. गरज पडली तर मानेचा एक्स-रे. आणि मान एकाएकी लाकडासारखी ताठ झाली, डोळ्यावर आतून पांढरा पडदा सरकू लागला, तर धनुर्वाताची शंका घेऊन ताबडतोब डॉक्टर गाठायचा. खुरात घुसलेला एखादा खिळाही त्याला पुरतो.

मान झिजली म्हणजे सगळं संपलं असं नाही. विश्रांती, डॉक्टरांनी दिलेलं सूज उतरवणारं औषध, वेळेवर नाल, छातीच्या उंचीवर ठेवलेला चारा, सैल लगाम आणि मग हळूहळू सपाटीवर चालवणं, यांनी पुष्कळ घोड्यांना आराम पडतो. आपल्या घरातली दुखण्याची गोळी मात्र मनाने द्यायची नाही.

हे ऐकताना मला माझी जाऊ आठवली. तिच्या हातून कप निसटायचा, आणि आम्ही तिला 'धांदरट' म्हणून हसायचो. मान दुखते म्हणाली, की कामाचा कंटाळा! वर्षभराने कळलं, मानेत नस दबली होती. जाऊबाईंना तोंड होतं, तरी आम्ही ऐकलं नाही. घोड्याला तर तेही नाही. अडखळणं हेच त्याचं बोलणं. त्यावर काठी उगारणं म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच शिक्षा देणं.

त्या माउलीला मी म्हटलं, चार दिवस विश्रांती द्या त्याला. ती म्हणाली, "बाई, हंगामाचे चार दिवस. घोडा बांधून ठेवला तर चूल कशी पेटायची?" यावर मला उत्तर सुचलं नाही. आम्ही पैसे पूर्ण दिले आणि चालत निघालो. ते काही कायमचं उत्तर नव्हे, हे मलाही कळतं. पण घोडा उतारावर कोसळला, तर त्याची कमाई चार दिवसांनी नाही, कायमची जाते. वर एखाद्याचं पोर जायबंदी होतं, ते वेगळंच. म्हणून मला वाटतं, अडखळणाऱ्या घोड्यावर बसायला आपण गिऱ्हाइकांनीच नकार द्यावा. मात्र गुपचूप दुसरा घोडा करू नये. का बसत नाही ते मालकाला नीट सांगावं.

मैत्रिणींनो, माथेरानला आपण कधीतरी जातो, पण वरातीचा घोडा आपल्या गावात दर लग्नसराईत येतो. नवरदेवाला वर चढवण्याआधी मालकाला विचारून घोड्याला एक गाजराचा तुकडा दाखवा. आधी डावीकडून, मग उजवीकडून. मान एका बाजूला अडली, तर बँडवाल्यांना थोडं थांबवा. नवरदेव पायी मांडवात आला म्हणून काही मुहूर्त टळत नाही.