सुल्लाचा संन्यास

रोमन सेनापति सुल्ला ह्याचें चरित्र सांगतांना शेवटच्या प्रकरणापाशीं लेखकांची लेखणी हटकून मऊ पडते. इ. स. पू. ७९ च्या सुमारास त्यानें आपण होऊन सर्वाधिकार सोडला, दंडधारी रक्षक दूर केले आणि सामान्य नागरिकासारखा तो फोरमच्या चौकांत हिंडूं लागला. केवढा हा निःस्पृहपणा! ह्या भाविक मंडळींस आमचा प्रश्न एवढाच कीं, त्यानें सोडलें तें काय आणि ठेविलें तें काय?

सर्वाधिकाऱ्यास जुन्या रिवाजाप्रमाणें ६ महिन्यांची मुदत असे. इ. स. पू. ८२ मध्यें सुल्लानें तें पद मुदतीवांचून घेतलें व चौकांत याद्या लाविल्या. यादींतील मनुष्यास वाटेल त्यानें मारावें आणि मुंडक्यामागें २ टॅलेंट बक्षीस न्यावें. आसरा देणारास मात्र देहान्त. मयताची मालमत्ता लिलावांत जाई, मुलांनातवांस अधिकारपदें बंद होत. इ. स. पू. ८० मध्यें रोशिअसच्या खटल्यांत सिसेरोनें भर न्यायालयांत सांगितलें कीं, ६० लाख सेस्टर्सची इस्टेट सुल्लाच्या मर्जींतील क्रायसोगोनसनें २ हजारांत घशांत घातली, आणि तीहि याद्यांची मुदत संपल्यावर! मारल्या गेलेल्यांचे १० हजारांवर तरुण गुलाम मुक्त करून सुल्लानें त्यांस आपलें कॉर्नेलियस हें कुलनाम दिलें. जुन्या शिपायांस इटलींत जमिनी वांटल्या. असल्या गृहस्थास चौकांत हिंडावयास दंडधारी हवेत कशाला?

कोणी म्हणेल, त्यानें न्यायालयांची घडी बसविली, सेनेटची सभासदसंख्या वाढविली. तें खरें, आणि न्यायालयें टिकलींहि. परंतु लोकांचे कैवारी जे ट्रिब्यून, त्यांचे हातपाय त्यानें बांधिले होते, ते इ. स. पू. ७० मध्यें पुनः मोकळे करणारे पाँपी व क्रॅसस हे दोघेहि त्याच्याच तालमींत वाढलेले!

टिकला तो त्याचा कित्ता. मिथ्रिडेटीसवरील मोहिमेचें सेनापतित्व आपणाकडून काढून मेरिअसला दिलें, ह्या रागानें इ. स. पू. ८८ मध्यें तो ६ लीजन फौज घेऊन स्वतःच्याच नगरावर चालून आला. तेव्हां एक क्वेस्टर खेरीजकरून त्याचे सगळे वरिष्ठ अधिकारी त्यास सोडून गेले. इ. स. पू. ४९ मध्यें सीझरनें तोच मार्ग धरिला, तेव्हां त्यास सोडून जाणारा नामांकित सरदार एकटा लॅबिएनस. अवघ्या ३९ वर्षांत लाज एवढी झिजली होती. आणि यादींतील मृतांच्या मुलांवरची बंदी? ती ह्या संन्यासानंतर सुमारें ३० वर्षें चालूच राहिली; उठली ती सीझरच्या त्याच वर्षीं, सीझरच्याच हुकमतीखालीं.