स्नोबॉलला बसमध्ये जागा नव्हती



२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबई-ठाण्यातले आपले लोक विसरलेले नाहीत. नाल्याकाठी ज्यांच्या घरात छातीएवढे पाणी शिरले, त्यांनी आधी पोरे उचलली, मग रेशनकार्ड आणि कागदपत्रांची पिशवी. त्यानंतर साधारण महिन्याभराने, २९ ऑगस्टला, अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स शहरावर कॅटरिना नावाचे चक्रीवादळ आले. पूर अडवणारे बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. ज्यांच्या दारात मोटारी होत्या ते आधीच निघून गेले होते. मागे राहिले ते बहुतेक गरीब, त्यातही कृष्णवर्णीय जास्त. हजारो लोक सुपरडोम नावाच्या मोठ्या स्टेडियममध्ये आश्रयाला गेले.

काही दिवसांनी त्यांना हलवायला बस आल्या. पण जनावर बसमध्ये न्यायचे नाही, असा हुकूम होता. एका लहान मुलाजवळ त्याचा छोटा कुत्रा होता, तो पोलिसाने काढून घेतला. मूल ‘स्नोबॉल, स्नोबॉल’ म्हणून इतके रडले की, त्याला उलटी झाली. ही बातमी तेव्हा जगभर छापून आली.

कोणी म्हणेल, तिथे माणसे मरत होती आणि तुम्ही कुत्र्याचे काय घेऊन बसलात? माझ्याही मनात प्रथम हेच आले. पण त्याच पुरात कित्येक माणसांनी बुडते घर सोडायला नकार दिला, कारण कुत्र्या-मांजराला टाकून यायला ती तयार नव्हती. म्हणजे प्रश्न पुन्हा माणसाच्या जिवाचाच झाला. अमेरिकेच्या सरकारला ते पटले आणि २००६ मध्ये कायदा झाला: राज्यांनी आपत्तीची योजना आखताना पाळीव प्राण्यांचीही सोय धरली पाहिजे. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेलिसा हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वादळातून वाचलेल्या, घरी प्राणी असलेल्या लोकांचा अभ्यास केला. ज्यांचा प्राणी गेला होता त्यांच्यात खिन्नता आणि मनाला बसलेल्या धक्क्याची लक्षणे जास्त आढळली. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

जनावराशी माणसाचे नाते हा विषय शास्त्रज्ञांनी हाती घेतला त्याला आता बरीच वर्षे झाली. १९८० साली एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रोग्यांची वर्षभराची नोंद मांडली. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी त्या वर्षात ३ दगावले. प्राणी नसलेल्या ३९ पैकी ११. आकडे डोळ्यांत भरतात, पण ९२ माणसांवरून कुत्रा हे हृदयाचे औषध ठरवू नये. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत असा फायदा दिसलेला नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा अभ्यास. अमेरिकेत सोडून दिलेली कुत्री-मांजरे ठेवायला निवारागृहे आहेत. तिथे स्वतः आपला प्राणी आणून सोडणाऱ्या लोकांना संशोधकांनी विचारले की, का सोडता? अशा १२ निवारागृहांचा हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. आपल्याला वाटेल, कंटाळा आला असेल, कुत्रा चावला असेल. तशीही कारणे होतीच. पण कुत्र्यांच्या बाबतीत अगदी वरच्या कारणांत होते ते घर बदलणे, घरमालकाची मनाई आणि खर्च न झेपणे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. जात विचारून खोली नाकारणारा मालक आपल्याला ठाऊक आहे. तिकडे कुत्रा विचारून नाकारतात. पगार थकला, भाडे वाढले की, माणूस लहान खोलीत जातो आणि कुत्रा पिंजऱ्यात. त्याला घेऊन येणाऱ्या बाईला आपण दगडाच्या काळजाची म्हणतो, आणि ती घरी जाऊन रडते ते कोणी पाहत नाही.

पिंजऱ्यात त्या जनावराचे काय होते, तेही तपासले गेले. ओहायो राज्यातल्या एका सरकारी निवारागृहात मायकेल हेनेसी यांनी कुत्र्यांच्या रक्तातले कॉर्टिसॉल मोजले. ताण आला म्हणजे हे द्रव्य शरीरात वाढते, माणसाच्या आणि कुत्र्याच्याही. पहिल्या तीन दिवसांत ते सर्वांत जास्त होते, घरात राहणाऱ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक. पुढच्या प्रयोगात दिसले की, कोणी शांतपणे अंगावरून हात फिरवीत बसले तर सुई टोचल्यावर ते तेवढे चढत नाही.

आणि २०१९ मध्ये अॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या लिसा गंटर यांनी पाच निवारागृहांतल्या २०७ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही कुत्री एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या तरी घरी झोपायला नेली होती. घरी असताना त्यांचे कॉर्टिसॉल उतरले. सलग विसावा सर्वांत लांब मिळाला तोही घरीच. अनेकांना भीती होती की, घर दाखवून परत आणले तर बिचारे जनावर जास्तच खचेल. परत आल्यावर ताण पुन्हा चढला हे खरे, पण पूर्वी होता तिथपर्यंतच, त्याच्या वर गेला नाही. मी कारकून माणूस, जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर त्या एक-दोन रात्रींची झोप ही त्या कुत्र्याची निव्वळ जमा.