बिनपगारी आगवाले

ज्या श्रमाला मजुरी नाही तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरला जात नाही. गृहिणीच्या रांधण्या-वाढण्याबाबत ही तक्रार जुनीच आहे. शनिवार-रविवारी हौसेने अंगाला काजळी फासून घेणाऱ्या सुशिक्षित माणसांच्या श्रमाबाबतही ती करता येते, हे वेल्समधील टॅलिलिन रेल्वेकडे पाहिले की ध्यानात येते.

समुद्रकाठच्या टाउइन गावापासून डोंगरात शिरणारा हा सव्वासात मैलांचा मार्ग. रुळांमधील अंतर अवघे सव्वादोन फूट. ब्रिन एग्लुइस येथील खाणीतली पाटीच्या दगडाची फरसबंदी आणि कौले वाहून नेण्यासाठी १८६५ साली तो बांधला गेला. १९११ मध्ये खाण व रेल्वे दोन्ही सर हेडन जोन्स यांनी विकत घेतल्या. १९४६ च्या अखेरीस खाण बंद पडली. १९४८ मध्ये देशातील रेल्वे सरकारजमा झाल्या, पण ही गाडी त्या यादीतूनही सुटली. आपण हयात आहोत तोवर गाडी धावेल, हा शब्द मात्र जोन्स यांनी पाळला. १९५० मध्ये ते वारले आणि गाडीचाही शेवट आला असेच कोणालाही वाटले असते. तथापि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एल. टी. सी. रोल्ट या अभियंता-लेखकाच्या पुढाकाराने बर्मिंगहॅममध्ये सभा भरली, संस्था उभी राहिली, आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी गाडी सोडली. जगात असे प्रथमच घडत होते. त्या वेळी चालण्याजोगे इंजिन एकच होते, तेही १८६६ सालचे.

या स्वयंसेवकाचा आठवडा पाहण्यासारखा असतो. सोमवार ते शुक्रवार तो कुठल्याशा शहरात शिक्षक, कारकून वा हिशेबनीस असतो. शनिवारी उजाडण्यापूर्वी तो इंजिनच्या छपराखाली हजर होतो. कालची राख काढणे, धुराच्या नळ्या साफ करणे, मग चिंध्या आणि लाकडे रचून आग पेटवणे. आग पेटली म्हणजे लगेच इंजिन हलले असे नव्हे. बॉयलरचे पत्रे सावकाश आणि सारखे तापले पाहिजेत. घाई केली तर सांधे ताणतात. तीन-चार तास जातात. तेवढ्या अवधीत तेलाची झारी घेऊन एकेक जोड न्याहाळायचा, पितळ घासायचे, आणि भूक लागली की कोळशाचे फावडे स्वच्छ धुऊन त्यावरच अंडी तळायची. हा नाश्ता म्हणजे या पंथाचा प्रसादच म्हणावा लागेल! सफाईवाल्याचा आगवाला आणि आगवाल्याचा ड्रायव्हर होण्यास वर्षे लागतात, परीक्षा द्याव्या लागतात; बॅंकेतला अधिकारी म्हणून कोणी पायरी चुकवू शकत नाही. हातात टोकन आल्याखेरीज एकेरी मार्गावर गाडी काढता येत नाही, हा नियम हौशी माणसालाही तितकाच लागू असतो. कोणी पावसात चर खणतो, कोणी कुंपण सांधतो, कोणी रुळांवर आलेली मेंढरे हाकलतो. संध्याकाळी आग उतरवून हा गृहस्थ परततो, तेव्हा नखांतील काळे सोमवारपर्यंत निघालेले नसते.

हे सारे रम्य आहे. पण त्याची किंमत कोण देतो हेही विचारले पाहिजे. दोन दिवसांची सुट्टी, घरचे भागून उरणारी मिळकत आणि रेल्वेपर्यंतचा प्रवासखर्च सोसण्याची ऐपत, या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय असला छंद संभवत नाही. शिवाय आरंभीचे पुष्कळ स्वयंसेवक इंग्लंडच्या औद्योगिक शहरांतले होते, तर ज्या आबरगनॉल्विन गावासाठी गाडी धावत असे तिथले लोक वेल्श बोलणारे खाणकामगार. खाण गेल्यावर त्यांचा रोजगार कोणी सांभाळला नाही. त्यांची गाडी तेवढी सांभाळली गेली. आता ती पाटीच्या दगडाऐवजी प्रवाशांची हौस वाहते. अर्थात तिच्यामुळे चहाची दुकाने आणि खानावळी चालतात, हेही उत्पन्नच आहे. २०२१ मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा मान मिळाला. सरकारी रेल्वेने १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर तोट्याच्या नावाखाली शेकडो खेड्यांतील स्थानके बंद केली आणि १९६८ च्या ऑगस्टात मुख्य मार्गांवरील वाफेची इंजिने मोडीत काढली. त्या तोट्याच्या हिशेबात ही किंमत कोठेच नव्हती.

वऱ्हाडातल्या शकुंतलेची येथे आठवण होणे साहजिक आहे. तीही इंग्रज कंपनीची, कापसासाठी घातलेली, अरुंद रुळांची. १९९४ पर्यंत ती वाफेवर चालली, पुढे डिझेलवर, आणि अखेरीस थांबली. तिला शनिवारचे आगवाले लाभले नाहीत याचा दोष वऱ्हाडी माणसाच्या अनास्थेवर टाकणे अन्यायाचे होईल. शकुंतलेच्या उताऱ्याला ती छंद म्हणून नको होती. स्वस्त तिकिटात बाजार आणि दवाखाना गाठण्यासाठी हवी होती. ते काम सुट्टीतल्या मदतीवर चालत नाही, त्याला रोजची गाडी आणि तिचा तोटा सोसणारे सरकार लागते.

वेल्समधील हौशी मंडळींपुढे मात्र आता निराळाच पेच आहे. इंजिनला हवा तो कोळसा मर्थर टिडव्हिलजवळच्या फोस-अ-व्रान खाणीतून येई. याच मर्थरच्या परिसरात १८०४ मध्ये ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने रुळांवरून प्रथम भार ओढला होता. २०२३ च्या नोव्हेंबरात ती खाण बंद झाली, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील कोळशावरचे अखेरचे वीजकेंद्रही थंडावले. हवामानाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. जुन्या इंजिनांना लागणारा कोळसा त्या मानाने नगण्य असला तरी तेवढ्यासाठी खाण चालू ठेवा, असे म्हणता येणार नाही. परिणामी ज्या देशाने एके काळी जगभरच्या बोटींना कोळसा पुरवला, तेथील या छोट्या रेल्वे आज परदेशी कोळसा विकत घेत आहेत, नाहीतर भुकटीचे दाबून केलेले गोळे जाळून पाहत आहेत. ते गोळे निराळ्या तऱ्हेने जळतात. आगवाल्याला फावडे मारण्याचा हात पुन्हा बसवावा लागतो. श्रम फुकट मिळतो, कोळसा मिळत नाही. आणि तिकिटाचा दर किती वाढवला म्हणजे उतारू पाठ फिरवतील, याचा अंदाज घेणे आता या संस्थांच्या चालकांना भाग पडले आहे.