औषध कंपनीचा डॉक्टर आपल्या तालुक्यात का येत नाही?

भंडारा जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली छापून आला. धर्मांतराला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. पूर्वाश्रमीच्या महार समाजात आणि आदिवासी समाजात या आजाराचे प्रमाण जास्त आहे, हे त्यानंतर पुन्हा पुन्हा दिसून आले. तरीही या आजारावरचे सर्वात उपयोगी जुने औषध, हायड्रॉक्सीयुरिया, आजही अनेक घरांत ‘कॅन्सरची गोळी’ म्हणून भीतीने बाजूला ठेवले जाते. ही भीती दूर करणे कोणाचे काम आहे?

औषध कंपनीचा माणूस म्हटला की आपल्याला बॅग घेतलेला एमआर आठवतो. तो विक्री विभागाचा. मोठ्या कंपन्यांत आणखी एक विभाग असतो, त्याला मेडिकल अफेअर्स म्हणतात. त्यात डॉक्टर आणि औषधशास्त्र शिकलेले लोक असतात. औषध बाजारात आल्यावर ते प्रत्यक्ष रुग्णांना कसे लागू पडते याची माहिती जमवणे, डॉक्टरांच्या शंकांना पुराव्यानिशी उत्तर देणे, जाहिरातीतला दावा शास्त्राला धरून आहे की नाही हे तपासणे ही त्यांची कामे. विक्रीच्या टार्गेटशी त्यांचा संबंध नसावा, हे या विभागाचे मूळ तत्त्व आहे.

हे काम किती मोलाचे आहे, ते सिकलसेलच्याच एका औषधाने दाखवून दिले. व्हॉक्सेलोटर या गोळीला अमेरिकेत २०१९ मध्ये झटपट मान्यता मिळाली, कारण तिने हिमोग्लोबिन वाढत होते. पुढे जास्त रुग्णांची माहिती जमा झाली, तेव्हा वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचे आकडे काळजी वाटावी असे निघाले. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने ते औषध जगभरातून मागे घेतले. मान्यता मिळाली म्हणजे अभ्यास संपला, असे कधीच नसते.

पण हा विभागही कंपनीच्याच पैशावर चालतो. नवे आणि महागडे औषध असेल तर त्याच्यासाठी परिषदा होतात, तज्ज्ञांच्या बैठका होतात. हायड्रॉक्सीयुरियाचे पेटंट केव्हाच संपले आहे. ते अनेक कंपन्या बनवतात, ते स्वस्त आहे, त्यात नफा थोडा. मग लाखांदूर किंवा मोहाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला त्याचा डोस समजावून सांगायला कोणती कंपनी आपला माणूस पाठवील? औषध स्वस्त झाले की त्याचे ज्ञान पोहोचवणारा माणूसही नाहीसा होतो. गरिबाच्या आजाराचे खरे दुखणे हेच आहे.

आपल्या मुलांना किती डोस पुरेल, हा प्रश्नच घ्या. खरे तर तो औषध कंपनीच्या वैद्यकीय विभागाने सोडवायचा. त्याचे उत्तर शोधले नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास जास्त असलेल्या मुलांना वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम इतका कमी डोस दिला, तेव्हा वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ, दोन्ही कमी झाले. या हिशेबाने २० किलोच्या मुलाला २०० मिलिग्रॅम लागतात, आणि नेहमीची कॅप्सूल असते ५०० मिलिग्रॅमची. २०२४ मध्ये अकम्स या भारतीय कंपनीने लहान मुलांसाठी पातळ औषध आणले, ते परदेशी औषधाच्या सुमारे एक टक्का किमतीत. चांगली गोष्ट आहे. पण ही बाटली गावातल्या मुलापर्यंत पोहोचते का, ते कोण पाहणार?

केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट त्यात आहे. तपासणी हवीच. पण कार्ड हातात दिल्यावर औषध समजावून सांगण्याचे उद्दिष्टही तितक्याच ठळकपणे लिहिले पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. हायड्रॉक्सीयुरिया विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने सोप्या मराठीत माहितीपत्रक द्यावे. तालुक्याच्या डॉक्टरांना आणि आशाताईंना प्रशिक्षण द्यावे, मात्र ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या देखरेखीखाली, विक्रीच्या माणसाविना. डॉक्टरांना भेटवस्तू आणि परदेशवाऱ्या देण्यास बंदी घालणारी संहिता केंद्राने मार्च २०२४ मध्ये काढली. पण तक्रार ऐकणारी समिती कंपन्यांच्याच संघटनेची आहे. तिच्यात रुग्णांचा प्रतिनिधी हवा. दिवंगत संपत रामटेके यांनी नागपुरातून सिकलसेल रुग्णांची संघटना उभी करून दाखवली. रुग्ण एकत्र आले तर ऐकावे लागते, हे त्यांच्या कामाने शिकवले आहे.

आपणही काही गोष्टी केल्या पाहिजेत. हे औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नये, बंदही करू नये. त्याने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्यावे. गर्भवती असल्यास, किंवा पती-पत्नीपैकी कोणीही औषध घेत असताना मूल हवे असल्यास, आधी डॉक्टरांशी बोलावे. कोणत्याही औषधाचा त्रास झाला तर रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री क्रमांकावर कळवू शकतो. असा प्रत्येक फोन औषधाची खरी माहिती वाढवतो.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले. आपल्या अंगात जाणाऱ्या गोळीविषयी शिकणे हेही त्यातच आले. कंपनीचा डॉक्टर आपल्या तालुक्यात आपणहून येणार नाही. त्याला यायला लावावे लागेल, आणि तोवर एकमेकांना माहिती देत राहावे लागेल.