घातपाती कोण?

शेतकरी-रापणकार बंधूंनो, बसस्टँडवर बेवारशी पिशवी दिसताच आपण बॉम्ब समजून दहा हात दूर पळतो. परकी कंपनीच्या टाकीला मात्र भीत नाही! भोपाळात युनियन कार्बाइड पिकांवर मारायचे 'सेविन' बनवी. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या टाकीतून विषारी वायू सुटला. सरकारदप्तरीच ५,२९५ बळी. टाकी थंड ठेवणारे यंत्र बंद, वायू जाळणारा मनोराही बंद. पैसा वाचवायचा होता ना! वर कंपनीनेच 'घातपात' म्हणून बोंब मारली. अध्यक्ष अँडरसन अटकेच्याच दिवशी सुटला, तो पुन्हा कोर्टात फिरकला नाही. इथल्या अधिकाऱ्यांना २०१० साली दोन वर्षे, नि त्याच दिवशी जामीन. १९९५ साली फोंड्यातील केरीकरांनी ड्यूपॉंटचा नायलॉन कारखाना रोखला, तेव्हा पोलिसांच्या गोळ्या कोणावर सुटल्या? कारखाना नको म्हणणाऱ्यांवरच.