लो-फॅट केक, चिकू आणि ऑफिसातले वाढदिवस

मंडळी, दिवाळी तोंडावर आलीय आणि आपल्या डहाणू-तलासरीतल्या ऑफिसांमध्ये नवीन फॅड सुरू झालंय. साहेबांचा वाढदिवस आला की विचारणा होते, "अहो, लो-फॅट काही मिळेल का? साहेबांना शुगर आहे."

शुगर आहे म्हणून लो-फॅट! इथेच पहिली गडबड. तूप-तेल कमी केलं की पदार्थ कोरडा, बेचव लागतो. मग चव आणायला बऱ्याचदा साखर आणि मैदा वाढवतात. पाकिटावर 'लो-फॅट' लिहायचं तर घन पदार्थात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपेक्षा जास्त फॅट नको, असा एफएसएसएआयचा नियम आहे. पण या दाव्याचा साखरेशी काही संबंध नाही. साखरेचा आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो आणि तो वाचायला आपल्याला चष्मा लागतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर चांगलं. म्हणजे साधारण सहा चमचे. दिवसातले तीन-चार चहा मोजा, मग केकला किती जागा उरते बघा.

केकवरचं ते पांढरं शुभ्र क्रीम पण दुधाचं असतं असं समजू नका. स्वस्त केकवर बहुतेक वेळा वनस्पती तेल घट्ट करून फेटलेलं असतं. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, चांगली गोष्ट आहे. पण सुट्या केकच्या खोक्यावर हे कोण तपासतो?

जुलै २०२५ मध्ये समोसा-जलेबीवरून केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. आरोग्य मंत्रालयाने ऑफिसांमध्ये तेल आणि साखरेची माहिती देणारे फलक लावा असं सुचवलं होतं. टीव्हीवाल्यांनी त्याचं 'समोशावर सिगारेटसारखा इशारा' करून टाकलं. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला की कुठल्या एका पदार्थावर इशारा नाही, फलक फक्त माहितीसाठी. माझ्या धंद्यातल्या लोकांनी खुलाशाची बातमी मात्र छोटीशी छापली. असो. आपल्याकडच्या ज्या ऑफिसांत माझं जाणं-येणं असतं, तिथे मला असा फलक अजून दिसलेला नाही. फलकाच्या जागी कॅलेंडर आहे.

आता काय खायचं? खरं सांगू का, आपण उत्तरावर बसलोय आणि खोकं मात्र वापीहून मागवतोय. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मिळालं. चिकूत फॅट नावालाच. पण साखर भरपूर, त्यामुळे शुगरवाल्या साहेबांनी दोन-तीन फोडींवर थांबायचं. चिकू चिप्सच्या बाबतीत तर जास्तच जपून. पाणी गेलं की साखर घट्ट होते आणि मूठभर कधी संपली ते कळत नाही.

पाड्यांवर दिवाळीला सावेली करतात. नव्या तांदळाच्या पिठात काकडी किसून घालायची, पानात गुंडाळून उकडायची. तळणीचा प्रश्नच नाही. थंडी पडली की हायवेला गुजरातच्या बाजूने उंबाडियू सुरू होतं. वालपापडी, कंद, रताळी पाल्याने भरलेल्या मडक्यात भाजलेली. पांढरा ढोकळा आहे, तो वाफवलेला. (खमण वेगळं, त्याच्यावर तेलाची फोडणी आणि साखरपाणी असतं, फसू नका.) २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा नागलीची बिस्किटं, नागलीचे लाडू घेऊन सगळ्यांनी फोटो काढले. वर्ष संपलं, मीटिंगला परत फरसाणाची प्लेट आली. आणि नागलीच्या बिस्किटातही मैदा न् वनस्पती तूप किती आहे ते बघायचं, नुसत्या नावावर जायचं नाही.

आमची घोळ वडी, फाफडा-जलेबी बंद करा असं मी म्हणत नाहीये. सणाला चकली खायचीच. घरच्या फराळातली दोन चकल्या माणसाला मारत नाहीत. मारतो तो वर्षभराचा हिशोब. वीस माणसांचं ऑफिस म्हणजे वीस वाढदिवस, त्यात निरोप समारंभ, प्रमोशन, नवीन गाडीचे पेढे. देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये आला. तो काय फक्त मुंबई-पुण्यात आहे का?

दुसरी गोष्ट खर्चाची. 'ज्याचा वाढदिवस त्याची पार्टी' हा नियम साहेबांना परवडतो. कंत्राटी डाटा ऑपरेटर पोरगी, तिचा पगार तीन-तीन महिने रखडतो. तिने हजाराचा केक का आणायचा? एका ऑफिसात अशी पोर वाढदिवसाला रजा टाकते, हे मला तिथल्याच शिपाईमामांनी सांगितलं.

आणि हे सगळं चालतं ऑफिसच्या वेळेत. दाखल्यासाठी उधव्याहून, कासाहून एसटीने आलेली माणसं बाहेर बाकावर बसलेली असतात. आतून टाळ्यांचा आवाज येतो. शेवटची गाडी चुकली तर त्यांचा दिवसाचा रोज बुडतो आणि दुसऱ्या दिवशीचा पण. ज्या जिल्ह्यात अंगणवाडीतल्या पोरांचं वजन भरत नाही म्हणून बैठका होतात, तिथे बैठकीनंतर उरलेला केक डस्टबिनमध्ये जाताना मी पाहिलाय. त्या पोरांना तर फॅट कमी नकोय, शेंगदाणा, अंडं, तेल जास्त हवंय.

माझी सूचना साधी आहे. महिन्यातून एकच दिवस, त्या महिन्यातल्या सगळ्यांचा मिळून, कामाची वेळ संपल्यावर. खर्च पगाराच्या हिशोबाने सगळ्यांत वाटून घ्यायचा, कंत्राटींना सोडून. ऑर्डर गावातल्या बचत गटाला द्यायची, म्हणजे पैसा पण तालुक्यात राहील.

तलासरी किंवा डहाणूत सावेली, नागलीचे पदार्थ, ढोकळा अशा ऑर्डर घेणारे बचत गट तुम्हाला माहीत असतील तर कळवा. वीस-पंचवीस प्लेटची ऑर्डर घेतात का, किती दिवस आधी सांगावं लागतं आणि दर काय, एवढं विचारून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर यादी करून इथे टाकतो, प्रिंट काढून ऑफिसात चिकटवा. कॅलेंडरच्या शेजारी जागा आहे.