माती गेल्यावर तीन लाख, माती राखायला किती?



सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या धाराशिव जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. परंडा-भूमकडं नदीकाठची रानं गेली. जिथं जवळ नदी नाही, तिथंही उतारावरची माती खरडून मुरूम उघडा पडला. ऑक्टोबरमध्ये सरकारनं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंत. मदत पाहिजेच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण माती गेल्यावर तीन लाख निघतात, मग ती जाऊ नये म्हणून बांधाला आणि सांडव्याला किती निघतात?

नदीनं पात्र सोडलं की कुठलाच बांध टिकत नाही, हे मान्य. त्या रानाला भरपाई हाच उपाय. मी बोलतोय ते उताराच्या, हलक्या-मध्यम जमिनीबद्दल. आमच्याच शिवारात बघा. ज्या रानाला ढाळीचे बांध होते, बांधावर मारवेल वाढलेलं होतं आणि सांडवा दगडानं पिचिंग केलेला होता, तिथली माती बरीचशी जागेवर राहिली. ज्याचा बांध होता पण सांडवाच नव्हता, तिथं पाणी तुंबलं, बांध फुटला आणि खालच्याचंही रान घेऊन गेला. पाऊस एकच, उतार एकच. फरक सांडव्याचा.

योजना नाहीत असं नाही. ठिबकला केंद्राचं आणि राज्याचं मिळून अल्पभूधारकाला 80 टक्के अनुदान आहे. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत शेततळ्याला आकारमानाप्रमाणे 75 हजारांपर्यंत मिळतात. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवारमध्ये गाळ टाकायला एकरी 15 हजार, अडीच एकरापर्यंत. पोकरा जागतिक बँकेच्या पैशातून 2018 पासून चालू आहे, आता दुसरा टप्पा 21 जिल्ह्यांत सुरू झालाय. या योजनांनी शेतकऱ्यांचं भलं झालंय, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण या सगळ्यात एक गोष्ट सारखी दिसते. जे मोजता येतं, ज्याचा फोटो काढून जिओ टॅगिंग करता येतं, त्याला पैसा लवकर मिळतो. शेततळं दिसतं, ठिबकचा संच दिसतो. बांध दिसत नाही, आणि बांधाची दुरुस्ती तर कुठल्याच कागदावर दिसत नाही.

जलयुक्त शिवारचं तेच झालं. डिसेंबर 2014 मध्ये अभियान आलं, गावोगाव कामं झाली, पहिल्या एक-दोन वर्षांत पाणीही दिसलं. 2020 मध्ये कॅगचा अहवाल आला. साडेनऊ हजार कोटींच्या वर खर्च होऊनही भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असं त्यात म्हटलं. देखभाल-दुरुस्तीकडं झालेल्या दुर्लक्षावरही बोट ठेवलं. आपल्याला हे सांगायला अहवाल लागत नाही. नाला खोल केला, दोन पावसाळ्यात गाळानं भरला, परत कुणी फिरकलं नाही. 1972 च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, माती वाहून केलेल्या कामांचीही कितीतरी गावांत हीच गत आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. पाणलोटाचं काम माथा ते पायथा करायचं असतं, हे कृषी विभागाच्याच पुस्तकात आहे. आधी माथ्यावर समतल चर, मग बांधबंदिस्ती, मग नाल्यावरची कामं, शेवटी शेततळं. आपल्याकडं वैयक्तिक अर्जामुळं हे उलटं होतं. प्लॅस्टिक टाकलेलं शेततळं होतं आणि ते पावसाच्या पाण्यानं न भरता बोअर चालवून भरतात. जमिनीतलं पाणी उपसून उन्हात ठेवायचं, याला जलसंधारण कसं म्हणायचं? ते फळबागेला उपयोगी असेल, पण संधारण नाही.

क्रम पाळला तर काय होतं ते जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं दाखवलंय. 1996 पासून इंडो-जर्मन कार्यक्रमात तिथं माथ्यापासून बांधबंदिस्ती झाली. शेततळी आणि द्राक्षबागा त्यानंतर वाढल्या. दुष्काळात त्या गावाचं नाव निघतं ते त्यामुळं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे.

1. प्रत्येक संधारण योजनेत ठराविक हिस्सा दुरुस्तीसाठी राखून ठेवावा आणि तो दरवर्षी मे महिन्याच्या आत ग्रामपंचायतीला मिळावा. हेक्टरी जेसीबीचे काही तास आणि सांडव्याला ट्रॉलीभर दगड, बऱ्याच रानांत एवढ्यानं भागतं.

2. बांधबंदिस्तीचा अर्ज एका सातबाऱ्याचा न घेता एका उताराचा घ्यावा. वरचा-खालचा मिळून आठ-दहा खातेदारांचा एकच आराखडा पाहिजे. पाणी गट नंबर बघून वाहत नाही.

3. आधी स्वतः खर्च करा, मग अनुदान खात्यावर, ही पद्धत छोट्या शेतकऱ्याला झेपत नाही. तो सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या दारात जातो, नाहीतर अर्जच करत नाही. बांधाच्या कामाला तरी पूर्वसंमतीबरोबर पहिला हप्ता द्यावा.

आणि सगळं सरकारवर ढकलूनही चालणार नाही. अनुदानातून घातलेला बांध दरवर्षी नांगराच्या एकेका तासानं कोरणारे प्रत्येक गावात आहेत. बांधावरचं गवत जाळणारे आहेत. वरच्यानं पाणी सोडलं म्हणून खालच्यानं तहसीलला अर्ज द्यायचा, यात दोघांचीही माती जाते. सोयाबीन तरी उताराला आडवं पेरा, बीबीएफ मिळालं तर उत्तम. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

रब्बीची पेर उरकत आलीय. बांधाची कामं उन्हाळ्यात होतात, पण आराखड्यात नाव आत्ताच घालावं लागतं. पुढच्या ग्रामसभेत घरकुलाबरोबर हा विषयही काढा आणि ठराव लेखी घ्या. कृषी सहायकांना सोबत घेऊन एकदा माथ्यापासून ओढ्यापर्यंत शिवार चालून या. कुठला बांध फुटलाय, कुठं सांडवा नाही, गट नंबरासह यादी करा. यादी हातात असली की कार्यालयात बोलायला जोर येतो.

तुमच्या शिवारात कुठले बांध टिकले आणि का टिकले, ते लिहा. कृषी खात्यातल्या मित्रांनीही चुकत असेल तिथं दुरुस्त करावं.

जय जवान, जय किसान.